बुडावर ठोकलेले साल

जुन्या लष्करी रायफलीचे काडतूस हातात आले की मी आधी त्याचे टोक पाहत नाही, बूड पाहतो. बुडातल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीच्या भोवती उरलेल्या अरुंद पितळी कड्यावर दोन-तीन अक्षरे आणि साल ठोकलेले असते. ‘डीए’ असेल तर ते कॅनडाच्या डोमिनियन आर्सेनलचे, ‘एफए’ असेल तर अमेरिकेच्या फ्रँकफर्ड आर्सेनलचे, ‘केएफ’ असेल तर खडकीच्या कारखान्याचे, आणि ‘आर’ व ‘एल’ या अक्षरांच्या मध्ये बाण असेल तर ते वुलिचच्या रॉयल लॅबोरेटरीतून निघालेले. ब्रिटिश ३०३ काडतुसावर बहुधा सातचा रोमन आकडाही असतो, आणि त्याच्यापुढे ‘झेड’ हे अक्षर दिसले तर आत कॉर्डाइट या काड्यांच्या रूपातल्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे असे समजायचे. एवढ्याशा मजकुरावरून पुढचे निम्मे निर्णय ठरतात, आणि उरलेले निम्मे ठरवताना हा मजकूर कुठे अपुरा पडतो ते कळू लागते.

जुन्या लष्करी साठ्यातून आलेली काडतुसे किंवा त्यांचे सुटे केलेले भाग तपासून त्यांतून त्याच काळच्या रायफलीसाठी नवी काडतुसे भरणे, म्हणजेच हँडलोडिंग, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद आहे. जिथे कायदा याला परवानगी देतो आणि जिथे परवान्याच्या चौकटीत राहून हे करता येते, तिथलीच ही गोष्ट आहे, हे एकदा सांगून पुढे जातो. या नादामागचे कारण साधे आहे. लाकूड आणि पोलाद यांची नीट निगा राखली तर रायफल शंभर वर्षे टिकते, काडतूस मात्र एकदाच उडते. १९५४ मध्ये नाटो देशांनी ७.६२ मिमी हे सामाईक काडतूस स्वीकारले आणि त्यानंतरच्या काही दशकांत ब्रिटिश ३०३, अमेरिकी ३०-०६ आणि ८ मिमी माउझर यांचे प्रचंड साठे हळूहळू कोठारांतून बाजारात उतरले. काही साठे जसेच्या तसे विकले गेले, काही फोडून त्यांच्या गोळ्या, दारू आणि पुंगळ्या (दारू धरणारी पितळी कवचे) वेगवेगळ्या विकल्या गेल्या. रशियन ७.६२ × ५४ हे कडेवाले काडतूस तेवढे अपवाद ठरले. ते १८९१ पासून आजतागायत सैन्यात आहे, आणि त्याचे ४४० नगांचे मोहोरबंद पत्र्याचे डबे, एका लाकडी खोक्यात दोन या हिशेबाने, जुन्या रायफली बाळगणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

काडतुसाचे भाग चार: पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी. चौघे एकाच आठवड्यात जन्मलेले असतात, एकाच डब्यात वाढलेले असतात, पण म्हातारे होण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. नवशिका माणूस ‘हा साठा चांगला आहे का’ असे विचारतो, तेव्हा मला उत्तर देता येत नाही ते यामुळेच. गोळी उत्तम, पुंगळी बरी, दारू संशयास्पद आणि टोपी टाकाऊ, असे एकाच काडतुसाबद्दल म्हणण्याची वेळ वारंवार येते. या चौघांना एकाच न्यायाने तोलू नये, आणि ज्याचा पूर्वेतिहास कळत नाही त्याला संशयाचा फायदा देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते भावुकपणाने नव्हे तर रसायनशास्त्राच्या आधाराने म्हणता येते.

सुरुवात टोपीपासून करतो, कारण तिच्याबाबत मतभेदाला जागा नाही. जुनी टोपी मी पुन्हा वापरत नाही. आघाताने पेटणारे ते संवेदनशील मिश्रण एकदा बसवलेल्या जागेतून काढून दुसरीकडे बसवणे हा काटकसरीचा प्रकार नसून निव्वळ अविचार आहे. परंतु टोपी टाकून दिली म्हणून तिचा विषय संपत नाही, कारण ती पुंगळीवर आणि नळीवर आपल्या खुणा ठेवून जाते.

टोपीच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेचा हायरम बर्डन आणि वुलिचच्या प्रयोगशाळेचा प्रमुख एडवर्ड बॉक्सर या दोघांनी १८६६ च्या सुमारास आपापली रचना मांडली. बर्डनच्या रचनेत ज्यावर आपटून टोपी पेटते ती ऐरण पुंगळीच्या बुडातच घडवलेली असते आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक छिद्रे असतात. बॉक्सरच्या रचनेत ऐरण टोपीच्या आत असते आणि पुंगळीला मध्यभागी एकच छिद्र असते. पुढे झाले असे, की अमेरिकनाची रचना युरोपातल्या सैन्यांनी उचलली आणि इंग्रजाची रचना अमेरिकेने. हँडलोडिंग करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. बॉक्सर पुंगळीतली वापरलेली टोपी मधल्या छिद्रातून सुई घालून क्षणात बाहेर पडते, तर बर्डन पुंगळीत तीच सुई ऐरणीवर आपटून वाकते किंवा मोडते, आणि टोपी काढण्यासाठी बाहेरून आकडी लावावी लागते किंवा पुंगळीत पाणी भरून दाबाने ती ढकलावी लागते. शिवाय योग्य मापाच्या नव्या बर्डन टोप्या मिळणे हा स्वतंत्र प्रश्न असतो. चिकाटी असलेली माणसे हेही करतात, आणि मला त्यांचे कौतुक आहे, परंतु त्यांचा वेळ माझ्याकडे नाही. पुंगळीत प्रकाश टाकून आत डोकावले आणि दोन छिद्रे दिसली, की ती माझ्या टेबलावरून खाली उतरते.

टोपीची दुसरी खूण रासायनिक आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बहुतेक लष्करी टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या खाण्याच्या मिठाचाच सख्खा भाऊ, आणि तो नळीत बसून हवेतला ओलावा ओढत राहतो. दमट हवेत एका रात्रीत नळीला गंज चढू शकतो. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. ब्रिटिश सैनिक नरसाळे लावून नळीतून उकळते पाणी ओतत ते याचसाठी, आणि अनेक महागडी द्रावणे बाजारात आलेली असतानाही त्या युक्तीची बरोबरी करणारे काही मला अजून सापडलेले नाही. गंज न आणणारी टोपी जर्मनीत १९२० च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली होती, पण जिच्यावर वर्षानुवर्षे विसंबून राहता येते असे सिद्ध झाले होते ती टोपी सोडायला सैन्ये तयार नव्हती. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात एम-१ कार्बाइनच्या काडतुसासाठी नवी टोपी सुरुवातीपासून वापरली, कारण त्या हत्याराचा वायुयंत्रणेचा भाग सैनिकाला सहज उघडून साफ करता येत नव्हता. मोठ्या ३०-०६ काडतुसात मात्र जुनीच टोपी युद्ध संपेपर्यंत टिकून राहिली.

तिसरी खूण डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ती सर्वांत वाईट. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे. टोपी उडाली की पारा मोकळा होतो आणि पितळेत शिरून त्याला ठिसूळ करतो. काळ्या दारूच्या काळात याचा फारसा त्रास झाला नाही, कारण तिच्या जाड काजळीत पारा अडकून पडे आणि पुंगळी धुताना निघून जाई. धूरविरहित दारू आली, काजळी नाहीशी झाली, आणि पारा थेट पितळेला भिडू लागला. अमेरिकी सैन्यात त्या काळी वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा भरण्याची पद्धत होती, त्यामुळे फ्रँकफर्ड आर्सेनलला ही खोड लवकर उमगली आणि त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाऱ्याला रजा दिली. ज्या सैन्यांना पुंगळ्या परत भरायच्याच नव्हत्या त्यांनी त्याची काळजी करण्याचे कारण नव्हते. म्हणून जुन्या, एकदा उडालेल्या पुंगळीपेक्षा जुन्या, कधीच न उडालेल्या काडतुसातून सुटी केलेली पुंगळी मला अधिक विश्वासाची वाटते. पारा टोपी फुटल्यावर मोकळा होतो, त्याआधी नाही.

आता पुंगळी. या सगळ्या उद्योगाचा खरा गाभा तीच आहे, कारण गोळी आणि दारू नव्याने सहज मिळते, पण जुन्या मापाची पुंगळी कित्येकदा मिळत नाही. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ असते. त्याला ओढून, ठोकून, दाबून पुंगळीचा आकार देताना ते प्रत्येक पायरीला कडक होत जाते, आणि अधूनमधून तापवून त्याला नरम करावे लागते. मानेला शेवटचा ताव दिल्यावर जी निळसर-तपकिरी झाक उमटते ती लष्करी पुंगळीवर तशीच ठेवलेली असते, तर नागरी बाजारातल्या पुंगळीवरची घासून चकचकीत केलेली असते. ही झाक पाहून बरेच जण पुंगळी जळाली आहे असे समजून नाक मुरडतात. प्रत्यक्षात ती चांगल्या संगोपनाची निशाणी आहे.

हा ताव दिला नाही तर काय होते, याचा धडा ब्रिटिश सैन्याला भारतात मिळाला. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत, तेव्हा दारूगोळा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवला जाई. पावसाळा संपल्यावर खोकी उघडली तर पुंगळ्यांना उभ्या भेगा गेलेल्या असत. एकही गोळी न झाडता, कुणी हात न लावता पितळ आपोआप तडकत होते. ठरावीक ऋतूत हे होई म्हणून त्याला ऋतूचा दोष मानले गेले, आणि याचे खरे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी सविस्तर दाखवून दिले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसत होता, आणि घडवताना पितळेत जो ताण कोंडून राहिला होता त्या ताणाच्या रेषेवर तो चिरा पाडत होता. नुसत्या अमोनियाने हे झाले नसते, नुसत्या ताणानेही झाले नसते. पुंगळीला योग्य ताव देऊन तो ताण सैल केला की तबेला असो की आणखी काही, पितळ टिकून राहते. या शोधाचे मला फार अप्रूप वाटते, कारण पितळाच्या यंत्रभागांचा आजचा अभियंता ज्या दोषाला घाबरून असतो, त्याची पहिली ठळक नोंद घोड्यांच्या पागेत झाली.

हँडलोडिंग करणाऱ्याला यातून दोन कामाच्या गोष्टी मिळतात. एक अशी, की पितळ लखलखीत करण्यासाठी अमोनिया असलेली घरगुती पॉलिशे वापरू नयेत, मग ती कितीही झटपट काम करोत. दुसरी अशी, की साठ-सत्तर वर्षे गोळीला आवळून बसलेली मान ही सतत ताणाखाली असते, आणि मोहोरबंद डब्यातून निघालेल्या, वरकरणी नव्या कोऱ्या काडतुसांच्या मानेवरही केसाएवढी रेघ सापडू शकते. ती रेघ प्रकाशाच्या एका विशिष्ट कोनातच दिसते. मी प्रत्येक पुंगळी दिव्यासमोर बोटांत गोल फिरवतो, आणि भिंगाखाली जिथे शंका येते तिथे नखाचे टोक मानेच्या काठावरून सरकवतो. चीर असेल तर नख अडते. एका डब्यात अशा दोन-चार पुंगळ्या निघाल्या तर त्या डब्यातल्या उरलेल्या सगळ्या मी दुसऱ्यांदा तपासतो, आणि बऱ्याच निघाल्या तर संपूर्ण डबाच बाजूला ठेवतो, कारण ज्या पुंगळ्यांना आज चीर नाही त्याही त्याच वाटेवर असतात.

लष्करी पुंगळीची आणखी दोन वैशिष्ट्ये ठाऊक असावी लागतात. टोपी झटक्याने बाहेर पडू नये म्हणून तिच्या भोवतीचे पितळ कारखान्यात आत दाबलेले असते, आणि ते कापून किंवा दाबून सरळ केल्याशिवाय नवी टोपी नीट बसत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. दुसरी गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. लष्करी पुंगळीच्या भिंती बहुधा नागरी पुंगळीपेक्षा जाड असतात, विशेषतः ७.६२ नाटोच्या बाबतीत, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारख्या दिसल्या तरी आतली जागा कमी असते. कमी जागेत तेवढीच दारू जाळली की दाब वाढतो. म्हणून एका जातीच्या पुंगळीसाठी बेतलेले वजन दुसऱ्या जातीच्या पुंगळीत डोळे झाकून ओतायचे नसते, आणि शिक्के वेगवेगळे असतील तर पुंगळ्या एकत्र करायच्या नसतात. मी त्या वजन करून गटांत लावतो. दोन कारखान्यांच्या पुंगळ्यांच्या वजनातला फरक पाहिला की बाहेरचे माप सारखे ठेवूनही आतली जागा किती वेगळी असू शकते, ते ध्यानात येते.

ली-एनफील्ड रायफलीच्या पुंगळ्यांबाबत एक वेगळाच प्रश्न उभा राहतो, आणि तो पुंगळीचा कमी, रायफलीचा अधिक आहे. खंदकातल्या चिखलाने माखलेले काडतूसही आत बसावे म्हणून तिचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, सढळ हाताने खोदलेले असते. काडतूस आपल्या कडेवर टेकते, खांद्यापुढे भरपूर रिकामी जागा असते, आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणाऱ्या दांड्याला, अडवणारी लगामे मागच्या बाजूला असल्याने गोळी सुटताना सगळी चौकट किंचित ताणली जाते. सैनिकाला याचे काही सोयरसुतक नव्हते, त्याची पुंगळी एकदाच उडायची. आपण मात्र तीच पुंगळी पुनःपुन्हा उडवतो, आणि दर वेळी तिचा पुढचा भाग पुढे सरकतो, मागचा मागे राहतो, आणि बुडाच्या थोडे वर, जिथे जाड तळ संपून पातळ भिंत सुरू होते, तिथे पितळ ताणून झिजते. बाहेरून तिथे एक फिकट, चमकदार कडे दिसू लागते. आत काय झाले आहे हे पाहण्यासाठी कागदाला लावायची तारेची क्लिप सरळ करायची, तिचे टोक काटकोनात वाकवून अणकुचीदार करायचे, आणि ते पुंगळीत तळापर्यंत घालून भिंतीला घासत हलकेच वर आणायचे. पुंगळी चांगली असेल तर तार गुळगुळीत वर येते. आतून खाच पडली असेल तर ती एका जागी अडखळते, आणि ती अडखळ एकदा बोटांना कळली की पुढे कधी विसरत नाही. अशी पुंगळी पुन्हा भरली तर पुढच्या एखाद्या वेळी ती दोन तुकडे होते, आणि पुढचा तुकडा चेंबरमध्येच अडकून बसतो. शंका मिटवायची असेल तर टाकाऊ ठरवलेली एखादी पुंगळी करवतीने उभी कापून पाहावी. भिंतीतली ती पातळ झालेली कमर डोळ्यांनी पाहिल्यावर मग तारेवर पूर्ण विश्वास बसतो.

यावर उपाय आहेत. पुंगळी पूर्ण दाबून मूळ मापाला न आणता फक्त मान आवळली, तर पुढच्या वेळी ती आपल्या खांद्यावर टेकते आणि ताण पुष्कळ कमी होतो, मात्र मग ती पुंगळी त्याच एका रायफलीची होऊन राहते. ४ क्रमांकाच्या ली-एनफील्डसाठी कारखान्याने शून्य ते तीन अशा वाढत्या मापांची बोल्टची डोकी पुरवली होती, त्यामुळे मागची मोकळीक काही प्रमाणात भरून काढता येते. काही जणांना हे इतके पुरेसे वाटते की ते चेंबरच्या रचनेबद्दल तक्रारच करत नाहीत. मला ती रचना दोष वाटत नाही. ज्या कामासाठी ती केली होती ते काम तिने दोन महायुद्धांत केले, आणि आपण तिच्याकडून जे मागतो ते तिच्या करारात कधी नव्हतेच.

गोळीबद्दल तुलनेने थोडे सांगावे लागते, कारण चारही भागांत तीच सर्वांत कमी म्हातारी होते. शिसे आणि तांब्याची मिश्रणे कोरड्या जागेत दशकानुदशके जशीच्या तशी राहतात. लष्करी काडतुसात पाणी शिरू नये म्हणून मान आणि गोळी यांच्यामध्ये डांबरासारखा काळा थर लावलेला असतो, तो स्पिरिटने पुसून काढावा लागतो, आणि ओढून काढताना चिमट्याचे ओरखडे उमटलेल्या गोळ्या नेमबाजीच्या बारीक कामातून बाद कराव्या लागतात. १९१० मध्ये स्वीकारलेल्या ३०३ च्या सातव्या मार्कच्या, म्हणजे सातव्या आवृत्तीच्या, गोळीचे वजन १७४ ग्रेन, आणि तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियमचा हलका तुकडा असे. युद्धात ॲल्युमिनियम विमानांना लागू लागले तेव्हा त्या जागी लाकडाचा लगदाही वापरला गेला. अशा गोळ्या एका शिक्क्याच्या असल्या तरी वजन करून लावाव्यात.

गोळीत धोका असतो तो तिच्या ओळखीचा. जर्मनीने ८ मिमी माउझरच्या नळीचे आणि गोळीचे माप १९०५ च्या सुमारास बदलले. आधीच्या गोळीचा व्यास सुमारे ८.१ मिमी होता, नंतरच्या गोळीचा ८.२ मिमी. कागदावर हा फरक नगण्य दिसतो, जुन्या अरुंद नळीत मात्र तो नगण्य राहत नाही. तसेच अमेरिकी काडतुसांत काळे टोक म्हणजे चिलखतभेदी आणि निळे टोक म्हणजे आग लावणारी गोळी, हे रंग सत्तर वर्षांत घासून उडून गेलेले असू शकतात. म्हणून लोहचुंबक फिरवून पाहणे, एखादी गोळी वजनाने किंवा लांबीने वेगळी वाटली तर ती घ्यायचीच नाही असे ठरवणे, आणि कशाचीही नीट ओळख पटत नसेल तर ती तापवण्याच्या किंवा कापण्याच्या फंदात न पडणे, हेच बरे. निकेल-तांब्याचे कवच असलेल्या जुन्या गोळ्या मी वापरत नाही, कारण त्या नळीच्या तोंडाशी धातूचे असे खरबरीत थर चढवतात की ते काढता काढता नळीच झिजते.

नळीचे माप घेतल्याशिवाय गोळी निवडता येत नाही, हेही इथेच सांगायला हवे. ३०३ हा आकडा नळीतल्या उंचवट्यांमधला व्यास आहे, खाचांमधला व्यास ०.३११ इंचाच्या आसपास असतो आणि युद्धकाळातल्या घाईत तो त्याहूनही पुष्कळ वाढलेला आढळतो. मऊ शिशाची गोळी नळीतून हाताने ढकलून बाहेर काढली आणि मायक्रोमीटरने मोजली की खरे माप कळते. शिवाय कॉर्डाइटने खाल्लेली नळी असेल तर सपाट बुडाची गोळी तिच्यात जेवढी सरळ जाते तेवढी निमुळत्या बुडाची जात नाही. निमुळत्या बुडाची आठवी मार्कची गोळी मुळात व्हिकर्स मशीनगनसाठी बनवली होती, आणि ती रायफलीत सर्रास वापरू नये असे सैन्याचेच मत होते.

आता दारू. कॉर्डाइट हे नाव या संदर्भात टाळता येत नाही. एबल आणि ड्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये त्याचे पेटंट घेतले. पहिल्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन होते. त्याची ज्वाळा इतकी तप्त होती की काळ्या दारूसाठी बेतलेल्या मेटफर्ड नळीच्या उथळ, गोलसर खाचा लवकर झिजू लागल्या आणि १८९५ मध्ये खोल खाचांची एनफील्ड नळी आणावी लागली. नायट्रोग्लिसरीन कमी केलेले दुसरे कॉर्डाइट पुढे आले, तरी नळ्या झिजतच राहिल्या. ३०३ च्या पुंगळीत या काड्यांची जुडी आधी भरली जाई आणि मग मान आवळली जाई. जुने काडतूस सुटे केले तर हा क्रम उलटा करून काड्या सहजासहजी परत बसवता येत नाहीत. बसवता आल्या असत्या तरी मी बसवल्या नसत्या.

जुन्या लष्करी दारूबद्दल माझे मत कठोर आहे, आणि ते असण्याला दोन कारणे आहेत. पहिले, धूरविरहित दारू स्वस्थ बसलेली असतानाही सावकाश विघटित होत असते. तिच्यातून निघणारी नायट्रोजनची आम्ले शोषून घेण्यासाठी तिच्यात डायफिनायलअमाइनसारखे द्रव्य मिसळलेले असते. ते संपले की विघटनाला लगाम राहत नाही, आणि उष्णता त्याचा वेग वाढवते. फ्रेंच नौदलाच्या ‘इएना’ आणि ‘लिबर्ते’ या युद्धनौका तुलाँच्या बंदरात १९०७ आणि १९११ मध्ये स्फोटाने नष्ट झाल्या, त्याला बिघडलेली दारूच कारण मानली गेली. डबा उघडल्यावर येणारा आंबट, झोंबणारा वास, दाण्यांवरची तांबूस धूळ आणि गोळीच्या बुडावर आतून चढलेला हिरवा कळक, ही त्याची लक्षणे. यांपैकी एकही दिसले तर वापराचा प्रश्न संपतो, आणि ती दारू साठवून न ठेवता योग्य त्या मार्गाने नष्ट करण्याचा प्रश्न सुरू होतो.

दुसरे कारण कमी नाट्यमय आहे, पण अधिक लोकांना लागू पडते. लष्करी कारखान्यात दारूचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा जळतो. कारखाना त्या घाण्याची चाचणी घेऊन ठरलेला वेग आणि दाब मिळेल एवढे वजन ठरवतो, आणि पुढच्या घाण्यासाठी ते पुन्हा ठरवतो. नागरी डब्यात विकली जाणारी दारू मात्र घाणे एकमेकांत मिसळून दर वेळी सारखी जळेल अशी केलेली असते. म्हणजे फोडलेल्या काडतुसातून निघालेल्या दारूचे वजन केले तरी ते त्या घाण्याचे, त्या पुंगळीचे आणि त्या गोळीचे वजन असते. चार वेगवेगळ्या डब्यांतली दारू एका बरणीत एकत्र केली, की त्या बरणीबद्दल कुणालाच, कारखान्यालाही, काही सांगता येत नाही.

हे सांगताना मला इतिहासाची एक विसंगती मान्य करावी लागते. ज्या हँडलोडिंगच्या नावाने मी ही सावधगिरी सांगतो ते आजच्या रूपात उभेच राहिले लष्करी दारूच्या जोरावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ब्रूस हॉजडन याने ३०-०६ साठी बनवलेली शिल्लक दारू सरकारकडून घेतली, ती एका जुन्या रेल्वे वाघिणीत साठवली आणि पौंडांच्या हिशेबाने विकायला सुरुवात केली. नंतर २० मिमी तोफेची संथ जळणारी दारूही अशीच बाजारात आली. ४८९५ आणि ४८३१ हे लष्करी क्रमांक आजही नव्याने बनवलेल्या दारूच्या डब्यांवर छापलेले असतात. त्याहून मागे गेले तर गोल दाण्यांची दारू भेटते. पहिल्या महायुद्धातली साठवलेली दारू बिघडू लागली तेव्हा ती विरघळवून, धुऊन, पुन्हा स्थिर करण्याच्या खटपटीतून फ्रेड ऑल्सेन याने १९३० च्या दशकात ती पद्धत शोधली. तेव्हा जुन्या दारूला दुसरे आयुष्य मिळते हे खरे आहे. फक्त ते रसायनशाळेत मिळते, किंवा घाण्याची नोंद हातात असलेल्या प्रामाणिक घाऊक विक्रेत्याकडे मिळते. स्वयंपाकघराच्या तराजूवर मिळत नाही.

या सगळ्यात पैसे वाचतात का, असा प्रश्न हटकून येतो. एके काळी नक्कीच वाचत. आता साठे आटले आहेत, सुट्या गोळ्यांचे भाव नव्या गोळ्यांच्या जवळ पोहोचले आहेत, आणि टोपीभोवतीचे पितळ कापण्यात, वजन करण्यात आणि तार फिरवण्यात जाणारा वेळ कुणी हिशेबात धरत नाही. मी हे करतो ते काही रायफलींना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने योग्य काडतूस मिळत नाही म्हणून, आणि त्यांच्या वयाला झेपेल इतका कमी दाब मला स्वतः ठरवता येतो म्हणून. १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींपैकी सुरुवातीच्या कमी क्रमांकांच्या चौकटींना चुकीच्या उष्णतेचा ताव मिळाला होता आणि त्या ठिसूळ निघाल्या, ही गोष्ट जुन्या रायफली बाळगणाऱ्याने पाठ करून ठेवायला हवी. अशा हत्याराला कितीही सौम्य काडतूस भरले तरी ते भिंतीवरच शोभते.

न फोडलेला, मूळ मोहर शाबूत असलेला डबा समोर आला तर काय करायचे, यावर संग्राहक आणि नेमबाज यांचे कधीच एकमत होत नाही. माझा कल संग्राहकांकडे आहे. ज्या डब्यावर घाण्याचा क्रमांक, तारीख आणि कारखान्याची चिठ्ठी अजून वाचता येते तो फोडून त्यातून पुंगळ्या काढण्यात मला आनंद वाटत नाही, आणि सुट्या, गंजलेल्या, अर्धवट डब्यांची या जगात तशीही वाण नाही.

साठ्यातली एक वस्तू मात्र मी निःशंकपणे वापरतो, आणि ती म्हणजे पाच काडतुसे धरून ठेवणारी पोलादी चार्जर पट्टी. ली-एनफील्डच्या पट्टीत काडतुसे भरताना पहिले, तिसरे आणि पाचवे यांच्या कडा खाली आणि दुसरे, चौथे यांच्या कडा वर अशा क्रमाने लावली, तर पट्टी कोणत्याही बाजूने बसवली तरी एका अंगठ्याच्या दाबाने पाचही आत उतरतात आणि कडा एकमेकींत अडकत नाहीत. गंज असेल तर तो तारेच्या ब्रशने घासून काढावा, कडा सैल झाल्या असतील तर पक्कडीने किंचित आवळाव्यात, आणि पट्टीवर तेलाचा हात फिरवून कोरडी पुसून ठेवावी, म्हणजे तेल काडतुसांना लागत नाही.